तंबाखूच्या पाकिटातील नटी आणि मराठी रंगभूमीवरील 'स्त्री'

सिगारेटचे कागदी पाकीट चुरगळू नये, म्हणून त्यात पुठ्ठ्याचा एक तुकडा घालण्याची पद्धत अमेरिकेत होती. १९ व्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या कोऱ्या तुकड्यावर चित्रे छापली जाऊ लागली. रिचमंड येथील ॲलन अँड गिंटरसारख्या कंपन्यांनी त्यावर नाटकांतील नट्यांना स्थान दिले. गिऱ्हाइकाने संच पूर्ण करावा आणि त्यासाठी पुन्हा तेच पाकीट घ्यावे, हा त्यामागील व्यापारी हिशेब. परिणाम मात्र अधिक दूरगामी झाला. ज्याने नाट्यगृहाची पायरीही चढली नव्हती, त्याच्या खिशात नटी जाऊन बसली. प्रयोगापासून सुटलेली प्रसिद्धी ती हीच.

दोडामार्ग परिसराला चित्रांचे पत्ते नवे नव्हते. १९९९ मध्ये स्वतंत्र तालुका होण्यापूर्वी हा भाग सावंतवाडीत मोडत असे, आणि सावंतवाडीची हातरंगाची गोल गंजिफा सर्वश्रुत आहे. दशावतारी गंजिफेच्या १२० पत्त्यांवर देव आणि त्यांची चिन्हे असतात. समकालीन व्यक्तीला तेथे जागा नाही. येथील दशावतारी नाटकातही स्त्रीपात्र परंपरेने पुरुषच रंगवीत आला.

संगीत रंगभूमीवरही स्थिती फारशी वेगळी नव्हती. १९०५ मध्ये 'शाकुंतल'मधून पुढे आलेल्या बालगंधर्वांची स्त्रीवेषातील छायाचित्रे रसिक जपून ठेवीत. त्यांची लुगडी, दागिने, केशरचना यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत. अमेरिकेत पुठ्ठ्यावर खरी नटी होती, तर येथे आदर्श स्त्रीचे चित्र पुरुषाचे होते! त्याच काळात सावंतवाडीत जन्मलेल्या हिराबाई पेडणेकर 'जयद्रथ विडंबन' (१९०४) आणि 'दामिनी' (१९१२) ही नाटके लिहीत होत्या. कलावंतीण कुळातील या लेखिकेच्या वाट्याला लौकिक आला, पण प्रतिष्ठा बेताचीच. कलकत्त्याच्या गौहरजानचे चित्र आगपेटीवर छापले गेले, हेही येथे आठवावे. गायिकेचे चित्र बाजारात चालत असे. तिला घरात घेण्यास समाज कचरत असे.

१९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणली आणि स्त्रीभूमिका स्त्रियांकडे सोपविल्या. त्यांतील ज्योत्स्ना भोळे मूळच्या गोव्याच्या. याच संस्थेतून पुढे आलेल्या लीला चिटणीस १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. तोवर पुठ्ठ्याच्या तुकड्याची जागा मासिकाच्या पानाने घेतली होती.