दयेवांचूनची सोबत

आमच्या घरीं आजी अर्धांगवायूनें अंथरुणाला खिळली, तेव्हां समाचाराला येणारीं माणसें तिच्या पलंगाशीं बसून तिच्याविषयीं आमच्या आईशीं बोलत. अन्न जातें का, रात्रीं झोंप लागते का, सारे प्रश्न आईला. आजीची वाचा शाबूत होती, बुद्धि तर आम्हां सर्वांहून तल्लख. पण तिला स्वतःला कोणी कांहीं विचारीत नसे. शेजारचा एक व्रात्य मुलगा मात्र दुपारीं येऊन तिच्याशीं पत्ते खेळे, आणि तिचा उजवा हात चालत नाहीं हें हेरून लबाडीहि करी. आजी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. दिवसभरांत तिचा आवाज चढे तो तेवढ्याच वेळीं. 'अँतूशाब्ल' हा फ्रेंच चित्रपट पाहतांना तो मुलगा मला राहून राहून आठवला.

ऑलिव्हिए नकाश व एरिक तोलेदानो या दोघांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०११ सालीं प्रदर्शित झाला. त्याचें मूळ खऱ्या हकीकतींत आहे. फिलिप पोत्झो दी बोर्गो हा कॉर्सिकांतील जुन्या सरदार घराण्यांतला गृहस्थ. शँपेन तयार करणाऱ्या पोमेरी या प्रसिद्ध पेढीचा तो संचालक होता. १९९३ सालीं आल्प्स पर्वतांत, कापडी छत्राच्या आधारें आकाशांत तरंगण्याचा आपला आवडता खेळ खेळत असतां तो कोसळला, मानेचे मणके मोडले, आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं मानेखालचें सारें शरीर लुळें पडलें. पत्नी कर्करोगानें आजारी होती. १९९६ मध्यें तीहि गेली. या काळांत त्याच्या शुश्रूषेला जो राहिला तो अब्देल सेलू, जन्मानें अल्जीरियाचा, पॅरिसमध्यें वाढलेला, तुरुंगाची हवा खाऊन आलेला. त्याला नोकरी नकोच होती. बेकारभत्ता चालू राहावा म्हणून आपण नोकरी शोधीत आहों असा सहीचा कागद तेवढा हवा होता. तो सुमारें दहा वर्षें राहिला.

चित्रपटांत अब्देलचा ड्रिस झाला आहे आणि अल्जीरियाच्या जागीं सेनेगल आलें आहे. इतर उमेदवार आपापल्या पदव्या आणि अपंगांविषयींचा कळवळा सांगत बसतात. ड्रिस आंत घुसतो आणि कागद पुढें करितो. फिलिप त्यालाच ठेवून घेतो. मग एकेक तऱ्हा सुरू होतात. ड्रिस फिलिपच्या पायावर कढत चहा ओततो आणि भाजल्याचें त्याला कळत नाहीं हें पाहून थक्क होतो. डोक्याला साबणाऐवजीं पायाचें मलम चोळतो. चाकाच्या खुर्चीसकट माणूस चढवण्याची सोय असलेली गाडी दारांत उभी असतां, घोडा भरल्यासारखा माणूस भरावयाचा नाहीं, असें म्हणून आच्छादनाखालीं पडून राहिलेली वेगवान मोटार बाहेर काढतो. टेलिफोन वाजला कीं उचलून फिलिपपुढें धरतो. तो घेणार कशानें, हें त्याच्या ध्यानांतच नसतें.

फिलिपचा एक स्नेही त्याला बजावतो कीं, असल्या वस्तींतल्या पोरांना दयामाया नसते. फिलिपचें उत्तर असें, कीं मला तेंच हवें आहे. मी लुळा आहें हें हा विसरतो. दया करणारा माणूस रुग्णाचें दुखणें क्षणभरहि विसरत नाहीं, आणि म्हणून रुग्णालाहि विसरूं देत नाहीं. त्याचा आवाज हळू होतो, शब्द गोड होतात, आणि समोरच्याला कळून चुकतें कीं आपल्याशीं आतां कोणी भांडणार नाहीं.

एक तक्रार मात्र नोंदविल्यावांचून राहवत नाहीं. अशा रुग्णाची कूस दर दोन-तीन तासांनीं बदलावी लागते, नाहीं तर शय्याव्रणें होतात. पायांत घट्ट दाबाचे मोजे चढवावे लागतात. मलविसर्जनहि दुसऱ्याच्या हातानें. चित्रपट या गोष्टींवर विनोद करून पुढें सरकतो. त्याला तें परवडतें, कारण फिलिपच्या वाड्यांत परिचारिका, चिटणीस, स्वयंपाकी सारा लवाजमा आहे. मध्यम स्थितींतल्या घरीं हेंच काम एकट्या सुनेच्या वांट्याला येतें, तेंहि बिनपगारी. तिनें रात्रभर कूस बदलावी आणि सकाळीं ड्रिसप्रमाणें थट्टाहि करावी, ही अपेक्षा जुलमाची होईल. ड्रिस उद्यां निघून जाऊं शकतो; तो हंसूं शकतो याचें अर्धें कारण तेंच असावें. आमच्या आईला आजीशीं पत्ते खेळावयास सवड नव्हती, त्या मुलाला होती.

अमेरिकेंतील कांहीं टीकाकारांनीं दुसराच आक्षेप घेतला: गोऱ्या धनिकाचें मन रमवण्यापुरता काळा नोकर आणला आहे. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. पण ओमार सी यानें ड्रिस असा कांहीं उभा केला आहे कीं तो कोणाच्या उपयोगापुरता उरत नाहीं. २०१२ सालीं फ्रान्सचा सेझार पुरस्कार त्याला मिळाला, आणि उत्कृष्ट अभिनेत्याचा तो मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णी नट. फिलिपचें काम करणाऱ्या फ्रांस्वा क्लूझेला तर केवळ चेहऱ्यावर सारी भूमिका पेलावयाची होती. चित्रपटाच्या नांवाचा शब्दार्थ 'अस्पृश्य' असा होतो. एकाच्या अंगाला स्पर्श कळत नाहीं, आणि दुसऱ्याच्या स्पर्शापासून बडे लोक चार पावलें दूर राहतात, हा त्यांतला श्लेष मराठी वाचकाला समजावून सांगावा लागूं नये.

खुद्द पोत्झो दी बोर्गो यानें दिग्दर्शकांना सांगितलें होतें कीं, माझी कथा करावयाची तर ती हंसवणारी करा. उत्पन्नाचा कांहीं भाग त्यानें अपंग व धडधाकट माणसांना एकाच घरांत राहावयास लावणाऱ्या एका संस्थेला देवविला. २०१६ सालीं आपल्याकडे तेलुगू व तामिळमध्येंहि ही कथा आली. नागार्जुन खुर्चींत, कार्ती त्याच्या सोबतीला. पोत्झो दी बोर्गो २०२३ च्या जून महिन्यांत मोरोक्कोंत वारला. अपघातानंतर तीस वर्षें तो जगला.

चित्रपटांत मध्यंतरीं ड्रिस आपल्या घरच्या अडचणीसाठीं निघून जातो. त्याच्या जागीं पांढऱ्या झग्यांतला, नियमानें वागणारा माणूस येतो. शुश्रूषेंत त्याची चूक काढावयास जागा नाहीं. फिलिप मात्र खंगत जातो, दाढी वाढवून बसतो. अखेर ड्रिसला परत बोलावतात. तो फिलिपला गाडींत घालून समुद्राकडे नेतो, आणि सकाळीं त्याची दाढी करावयास बसतो. एकदम सगळी काढीत नाहीं. आधीं गलमिशा ठेवतो, मग नुसत्या मिशा, मग हिटलरची टिकली. आणि प्रत्येक नमुन्यावर स्वतःच पोट धरून हंसतो. हात उचलून वस्तरा अडवणें फिलिपच्या हातीं नाहीं. तो चिडतो, ओरडतो, पुरे म्हणतो, आणि त्यालाहि हंसूं आवरत नाहीं.