एकाच पानाच्या पन्नास वाटा

अमरावतीच्या होस्टेलवर निकाल बघायला बसलेला पोरगा वैतागतो: "पत्त्यात एचटीटीपीएस तं हाये, मंग हे पूर्ण सुरक्षित नाही म्हणून कावून सांगून राह्यलं बे?"

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर थक्क करणारं. समोर दिसणारं पान मुळात एक नसतंच. मजकूर एका सर्व्हरवरून येतो, बोधचिन्ह दुसऱ्यावरून, फॉन्ट तिसऱ्याच देशातून, सरकती पट्टी चालवणारी स्क्रिप्ट आणखी कुठून तरी. पाच-पन्नास तुकडे, प्रत्येकाची मागणी वेगळी, वाट वेगळी. ब्राउझर डोळ्याचं पातं लवायच्या आत प्रत्येक मागणीचा पत्ता तपासतो. पान एचटीटीपीएसने आलं, पण एखादा तुकडा साध्या एचटीटीपीने मागवलेला निघाला, की ते पान 'मिश्र' ठरतं.

एचटीटीपीएसचा माल कुलूपबंद येतो, एचटीटीपीचा उघडा. वाटेतलं कुठलंही यंत्र तो वाचू शकतं, बदलूही शकतं. ही नुसती कल्पना नाही. 2015 मध्ये बंगळुरूतल्या एका प्रोग्रामरने मोबाइल इंटरनेटवरून स्वतःचंच पान उघडलं, तर त्यात त्याने न लिहिलेली स्क्रिप्ट! ती वाटेतच घुसवलेली होती.

सगळी भेसळ सारखी नसते. चित्र बदललं तर चुकीचं चित्र दिसेल, एवढंच. स्क्रिप्ट बदलली तर अख्खं पान परक्याच्या ताब्यात. तुम्ही टाइप केलेला पासवर्डसुद्धा ती वाचेल. अकोल्याच्या जिनिंगवाल्याला हे लगेच पटेल. कापसात पोत्याचा प्लास्टिकचा एक धागा गेला तर गाठीत तो दिसत नाही. कापड रंगवताना त्याला रंग चढत नाही आणि सगळा ताका बाद होतो.

पूर्वी इंटरनेट एक्स्प्लोरर हा ब्राउझर असा तुकडा दाखवू का, असं चौकट उघडून आपल्यालाच विचारायचा, आणि आपण न वाचता 'होय' दाबून मोकळे. ऑगस्ट 2013 मध्ये फायरफॉक्स ब्राउझरने एचटीटीपीने मागवलेल्या स्क्रिप्ट न विचारताच अडवायला सुरुवात केली. फारच शहाणा निर्णय. हल्लीचे ब्राउझर चित्राची मागणी आपणहून एचटीटीपीएसवर वळवून बघतात.

गंमत म्हणजे फॉन्टही स्क्रिप्टच्याच रांगेत बसतो, म्हणजे अडवला जातो. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टवर चालणारं एखादं जुनं मराठी पान असेल, तर फॉन्ट अडताच 'महाविद्यालय' जाऊन तिथे इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. लोक म्हणतात, साइट बिघडली. खरं तर पहारा चोख असतो.

निकाल नुसता बघायचा असेल तर अशा इशाऱ्याने घाबरू नका. पण पासवर्ड किंवा पैशांचा व्यवहार असेल तर पान बंद करा. आणि शाळेची, बाजार समितीची साइट तुम्हीच सांभाळत असाल, तर आतल्या चित्रांचे नि स्क्रिप्टचे पत्ते एकदा तपासा. एचटीटीपीएससाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे डिसेंबर 2015 पासून फुकट मिळतं. त्यामुळे बहुतेक ठिकाणी पत्त्यात 'एस' जोडला की काम होतं.