‘गाठ दाखव’: तैलबैल्याला जुन्या मित्राने शिकवलेली गोष्ट

आजची गोष्ट सुरू होते चारठाण्यात. परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातलं हे माझं गाव, जुन्या काळ्या दगडी देवळांचं. तिथल्या बारवेच्या पायऱ्यांवर मी आणि माझा एक वर्गमित्र उड्या मारत मोठे झालो. पुढे मी बीटेक करून पुण्यात आलो. तोही पुण्यातच, पण सहा वर्षांत भेट म्हणजे व्हॉट्सॲपवर वाढदिवसाचा केक. मधल्या काळात तो रॉक क्लायम्बिंग शिकला. त्याने दोन रविवार माझ्याकडून सरावाच्या भिंतीवर तयारी करून घेतली आणि तिसऱ्या रविवारी मला तैलबैल्याला नेलं.

तैलबैला म्हणजे मुळशी तालुक्यात शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन प्रचंड भिंती. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. त्या थरांना पडलेल्या उभ्या भेगांमध्ये खालून आलेला लाव्हा थिजला. आजूबाजूचा दगड झिजून गेला, हा टणक भाग उरला. याला म्हणतात डाइक. दगड बेसॉल्टच, आमच्या देवळांच्या दगडाचा भाऊबंद.

आता मुद्द्याचं. चढताना आपण पडलो तर वाचवतं कोण? दोर वरच्या अँकरमधून फिरून खाली येतो. एक टोक माझ्या हार्नेसला, दुसरी बाजू मित्राच्या बिले डिव्हाइसमधून त्याच्या हातात. मी सुटलो तर माझं सगळं वजन तो मनगटाच्या जोरावर धरत नाही. डिव्हाइसमध्ये दोर मुडपतो, घर्षण वाढतं आणि दोर अडकतो. अट एकच: त्याचा ब्रेकचा हात दोरावरून क्षणभरही हलता कामा नये.

पण हे सगळं माझ्या बाजूची गाठ नीट असेल तरच. ती असते आठची गाठ. आधी दोरावर इंग्रजी आठ बनवायचा, मग टोक हार्नेसमधून ओवून त्याच वाटेने परत आणायचं. दोर सगळीकडे जोडीने दिसला पाहिजे आणि वीतभर टोक उरलं पाहिजे.

मी टोक ओवलं, आणि तेवढ्यात बारवेत पडलेल्या चपलेचा विषय निघाला. दोघंही पोट धरून हसलो. मी कड्याला हात लावला.

“थांब की. गाठ दाखव.”

“बांधली रे. विश्वास नाही का माझ्यावर?”

“विश्वास हाय म्हणूनच दाखव म्हणायलोय.”

बघतो तर टोक ओवलेलं, पण परत फिरवलेलंच नाही! दोर नुसता अडकून होता. वर जाऊन अंग टाकलं असतं तर सरळ खाली.

हे फक्त नवख्यांचं होतं असं समजू नका. लिन हिल ही जगातली नावाजलेली क्लायम्बर. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्यूऊला तिची गाठ अशीच अर्धवट राहिली. ती सुमारे ७० फूट खाली आली. झाडामुळे वाचली. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एल कॅपिटनचा ‘द नोज’ हा मार्ग फ्री क्लाइंब करणारी ती पहिली ठरली. म्हणजे कौशल्य कमी नव्हतं. काम मध्येच तुटलं, एवढंच.

आम्ही इंजिनिअर लोक आपला कोड दुसऱ्याला दाखवल्याशिवाय पुढे पाठवत नाही. पण चुका सुटू शकतात त्या जवळच्या माणसाच्या कोडमध्ये, कारण “त्याचं काय बघायचं?” कड्यावरही तसंच. अनोळखी माणसासोबत मी गाठ दोनदा बघितली असती.

मी गाठ पुन्हा बांधली. त्याने हात लावून तपासली, हार्नेसची बकलं ओढून पाहिली. मग स्वतःचं कॅराबिनर माझ्यापुढे धरलं. “आता तू माझं बघ. लॉक हाय का?” इतकी वर्षं चढणारा माणूस दोन रविवारच्या पोराला तपासायला सांगत होता. तेव्हा माझा राग गेला.

त्या दिवशी मी अर्ध्यातूनच खाली आलो, हात भरून आले होते. पण आता महिन्यातून एकदा आम्ही भेटतो. चढाई असो वा नसो, भेटल्यावर तो पहिलं विचारतो, “गाठ?”

तुम्ही कधी गेलात तर अनुभवी लोकांसोबतच जा. आणि सोबतचा कितीही जुना मित्र असला, तरी गाठ, बकल, डिव्हाइस, लॉक हे एकमेकांचं बघितल्याशिवाय जमीन सोडू नका.