उपाशी पाण्यातलं जंगल

लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यापासून साधारण ३५ किलोमीटरवर सांता कॅटलिना बेट आहे. तिथल्या अव्हलॉन गावात कसिनो नावाची १९२९ सालची एक गोल इमारत आहे. नावात कसिनो असलं तरी तिथे जुगार कधी चालला नाही. इमारतीच्या पायथ्यापासून सिमेंटच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. पुढचा पाण्याचा तुकडा १९६५ पासून डायव्हरांसाठी राखून ठेवला आहे. तिथे होड्या येत नाहीत की मासेमारी होत नाही. ऑक्टोबरमध्ये या पायऱ्या उतरून मास्क पाण्यात घातला, की पहिल्यांदा जाणवतो तो नितळपणा. पंधरा-वीस मीटरवरचा नारिंगी गॅरिबाल्डी मासाही स्पष्ट दिसतो. पण डोक्यावर पसरलेला केल्प मात्र पिवळा पडलेला, विरलेला, फाटका. पाणी इतकं सुंदर आणि जंगलाची ही दशा! बरेच जण ‘केल्प मरतोय’ असं म्हणतच घरी जातात. खरं तर पाणी नितळ असण्याचं आणि केल्प थकण्याचं कारण एकच आहे.

केल्प दिसतो झाडासारखा, पण तो तपकिरी शेवाळ आहे. तळच्या खडकाला धरून तो पृष्ठभागाकडे झेपावतो आणि दिवस चांगले असतील तर एका दिवसात अर्धा मीटरदेखील वाढतो. प्रत्येक पानाच्या देठाशी हवेचा एक फुगा असतो, त्याच्या जोरावर सगळा डोलारा उभा राहतो. त्याला मुळं नाहीत. खाली पारंब्यांच्या गुंत्यासारखं जे दिसतं ती फक्त पकड; त्यातून अन्न वर चढत नाही. अन्न पानं पाण्यातूनच शोषतात. साठवणही बेताचीच, नायट्रोजनची शिदोरी काही आठवडे पुरते, बस. म्हणजे ज्या पाण्यात तो उभा आहे तेच त्याचं ताट.

हे ताट वसंतात भरतं. वायव्येचा वारा किनाऱ्याच्या कडेकडेने वाहतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी खोल समुद्राकडे ढकललं जातं आणि त्याच्या जागी तळाचं थंड, नायट्रेटने (म्हणजे केल्पला लागणाऱ्या नायट्रोजनने) भरलेलं पाणी वर येतं. मग सूक्ष्म प्लवक माजतं, पाणी हिरवं-गढूळ होतं. तेव्हा डायव्हर कुरकुरतात, पण केल्पची दिवाळी असते. उन्हाळ्यात वारा मंदावतो आणि ऊन वरचा थर तापवतं. हा गरम, हलका थर थंड पाण्यावर झाकणासारखा बसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पृष्ठभाग २० अंशांच्या आसपास जातो. या समुद्रात पाणी साधारण १६ अंशांच्या वर गेलं, की त्यात नायट्रेट जवळजवळ उरतच नाही. नायट्रेट नाही म्हणून प्लवक नाही, आणि प्लवक नाही म्हणून पाणी नितळ. मालवणला पावसाळ्यानंतर गाळ खाली बसतो तेव्हा पाणी निवळतं. इथे ते अन्न संपल्यामुळे निवळतं.

पृष्ठभागावरचं एक पान हातात घेऊन पाहा. त्यावर पांढरी, लेस विणल्यासारखी खरखरीत साय धरलेली असते. डोळ्यांजवळ नेलं की त्या लेसमध्ये शेकडो चौकोनी खोल्या दिसतात. हे ब्रायोझोअन, एकेका खोलीत एकेक प्राणी राहतो. अशा पानाचा लवचीकपणा जातो आणि वाळल्या पापडासारखा त्याचा तुकडा पडतो. वाढता केल्प नवी पानं काढून या बिऱ्हाडकरूंच्या पुढे पळतो; उपाशी केल्पला ते जमत नाही.

आता खाली चला. दहा-पंधरा मीटरवर समोरचं दृश्य एकदम थरथरतं, मे महिन्यात डांबरी रस्त्यावरची हवा थरथरते तसं. ही थर्मोक्लाइन, गरम आणि थंड पाण्याची शीव. पुढच्या क्षणी वेटसूटच्या मानेतून गारवा शिरतो. आणि इथलीच पानं पाहा: गडद, तुकतुकीत, डाग नसलेली. झाकणाखालच्या या थंड पाण्यातही लाटा असतात, वरून न दिसणाऱ्या. त्या बेटाच्या उतारावर चढतात तेव्हा नायट्रेटचे घास सोबत घेऊन येतात. वरचा मजला उपाशी असला तरी तळमजल्यावर अधूनमधून पान वाढलं जातं.

म्हणून जंगलाच्या तब्येतीचा निकाल वरच्या पानांवरून लावू नये, असं माझं ठाम मत आहे. तो तळाशी लावावा. आधी जांभळे सी अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यांसारखे प्राणी, कुठे आहेत ते पाहा. ते कपारीत बसून वरून पडणारी पानं खात असतील तर ठीक. मोकळ्या खडकावर येऊन ते जिवंत केल्पची पकडच कुरतडू लागले असतील, तर ते खरं आजारपण. उत्तर कॅलिफोर्नियात हेच घडलं. २०१३ पासून तारामाशांना विरघळवून टाकणारा रोग आला, अर्चिन खाणारा सूर्यफुली तारामासा जवळपास नाहीसा झाला, पाठोपाठ २०१४ ते २०१६ ची समुद्री उष्णतेची लाट आली आणि तिथला ९० टक्क्यांहून जास्त बुल केल्प (केल्पचीच दुसरी जात) गेला. कॅटलिनाला आधार आहे तो शीपहेड माशाचा आणि शेवंडांचा. दोघेही अर्चिन फोडून खातात. शीपहेड जन्मतः मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. मोठे नर पकडत गेलं की अर्चिनवरचा वचकही कमी होतो. राखीव पाण्याचा उपयोग इथे कळतो.

तळाशी पाहायची दुसरी गोष्ट म्हणजे परकं सरगॅसम. आशियातलं हे शेवाळ २००३ साली लाँग बीचच्या बंदरात सापडलं आणि काही वर्षांतच बेटावर आलं. शरद ऋतूत ते वीतभरच असतं, त्यामुळे नजरेतून सुटतं. पण केल्प विरळ होऊन तळाशी ऊन पोचलं, की त्याला आयती जागा मिळते.

उतरण्याआधी वाऱ्याचा अंदाज मात्र पाहायचाच. शरदात सांता आना हा कोरडा वारा वाळवंटाकडून समुद्राकडे सुटतो, आणि अव्हलॉनचं तोंड नेमकं त्याच दिशेला आहे. एरवी शांत असलेल्या या पायऱ्यांवर तेव्हा लाटा आदळतात. त्या दिवशी उतरू नये. केल्पमध्ये सिलिंडर अडकलं तर गरगर फिरू नका, ओढाओढही करू नका. ओढल्याने तो तुटत नाही. देठ दुमडा, ताजी भेंडी मोडावी तसा टचकन मोडतो.

वर येताना मी एक गोष्ट हमखास शोधतो. वाढत्या फांदीच्या शेंड्याला कोयत्याच्या आकाराचं एकच पान असतं. त्यात एकामागून एक चिरा पडत जातात, केळीचं पान वाऱ्याने फाटावं तशा, आणि प्रत्येक चिरेतून सुटलेली पट्टी म्हणजे नवं पान, स्वतःचा फुगा घेऊन. पृष्ठभागावर ऑक्टोबरात असे शेंडे क्वचितच दिसतात. थर्मोक्लाइनच्या खाली, त्याच जुन्या पकडीतून निघालेल्या हातभर फांद्यांवर, ते अजून चिरत असतात. हिवाळ्यात पाणी ढवळलं जाऊन थंडावलं, की याच फांद्या वर यायला लागतात.