धुळीच्या पडद्याआड जन्मणारे तारे

हिवाळ्यात कळमेश्वरच्या शिवारातूनही मृग नक्षत्रातील तीन ताऱ्यांखाली पुसट तेजोमेघ दिसतो. सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरील या मेघात तारे जन्मतात. सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाचे तारे मात्र दाट धुळीआड वाढत असल्याने त्यांचा जन्म डोळ्यांना दिसत नाही. मग त्यांचा अभ्यास होतो कसा?

अशा ताऱ्याच्या अतिनील किरणांनी आयनीभूत झालेला हायड्रोजन रेडिओ लहरी सोडतो. त्या धूळ भेदून येतात; नारायणगावजवळील खोडद परिसरातील ‘जीएमआरटी’च्या ३० अँटेना त्या टिपतात. तापलेल्या धुळीचे दूर-अवरक्त किरण वातावरणातील बाष्प शोषून घेते. म्हणून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून बलूनद्वारे एक मीटर व्यासाची दुर्बीण सुमारे ३० किलोमीटर उंच पाठवली. दोन्ही नकाशे जुळवले की दडलेला तारा उमगतो.

आपल्या श्वासातील प्राणवायू मुख्यत्वे अशाच ताऱ्यांच्या पोटी घडला आहे.