पांढऱ्या भिंती, काळ्या सावल्या : फोटो वाचायचा कसा?



आज आपण ग्रीस देशातल्या एका बेटावर जाणार आहोत आणि तिथले जुने कृष्णधवल, म्हणजे काळे-पांढरे फोटो बघणार आहोत. रेडिओवर फोटो कसा बघायचा, असं तुम्ही म्हणाल. मी शब्दांत सांगते, तुम्ही डोळ्यांसमोर आणा.

हा विषय मुद्दाम निवडलाय. आपल्या गटांचे फोटो सारखे निघतात. बैठकीचे, प्रशिक्षणाचे, कर्जाचा धनादेश हातात धरलेले. फोटो काढून घ्यायची आपल्याला सवय झाली आहे, पण तो वाचायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. त्यात काय दिसतं, काय दिसत नाही आणि नाव कुणाचं राहतं, हे आधी दुसऱ्याच्या फोटोवर शिकणं सोपं जातं.

बेट कसं आहे?

ग्रीस हा युरोपातला देश. त्याच्या पूर्वेला एजियन समुद्र आहे आणि त्यात शेकडो बेटं आहेत. त्यांतलं एक सिफ्नोस. पिरेअस नावाच्या बंदरातून बोटीनं तिथं जातात. बेट सुमारे ७४ चौरस किलोमीटरचं. लोकवस्ती अडीच-पावणेतीन हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. डोंगर, खडक आणि पाणी कमी. उतारावर दगड रचून केलेल्या ताली आणि त्यांवर थोडीशी शेती. इथली माती भांड्यांना चांगली, म्हणून कुंभारकाम जुनं. शनिवारी रात्री मातीच्या झाकणाच्या भांड्यात काबुली हरभरे, कांदा आणि तेल घालून ते भांडं भट्टीत ठेवायचं आणि रविवारी जेवायला काढायचं, ही इथली जुनी पद्धत.

घरं एकमेकांना चिकटून, धाब्याची, चुन्यानं पांढरी केलेली. मधल्या वाटा अरुंद आणि पायऱ्यापायऱ्यांच्या. एकेकाळी समुद्री चाच्यांची भीती असायची, म्हणून घरं अशी दाटीनं बांधली. चुना स्वस्त, उन्हाचा ताप परतवणारा आणि किडामुंगी दूर ठेवणारा. आपण दिवाळीआधी घर सारवतो, रंगवतो, तसं तिथं ईस्टरच्या सणाआधी चुना देतात. नुसत्या भिंतींना नाही, वाटेवरच्या फरशांच्या सांध्यांनासुद्धा.

एक फोटो

१९६१ साली या बेटावर एक प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आले. नाव आँरी कार्तिए-ब्रेसाँ. आपल्या देशाशी त्यांचा जवळून संबंध आला होता. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या थोडाच वेळ आधी, ते महात्मा गांधींना भेटले होते. पुढे गांधीजींच्या अंत्ययात्रेचे त्यांनी काढलेले फोटो जगभर गेले.

सिफ्नोसवर त्यांनी काढलेला फोटो असा आहे. चारी बाजूंनी पांढऱ्या घरांच्या भिंती. कुठं ऊन, कुठं सावली. छपरांची सावली पडून उजेडाचा एक वेडावाकडा तुकडा तयार झालाय, कात्रीनं कापल्यासारखा. आणि त्यातून एक लहान मुलगी पायऱ्या चढत पळत चाललीय. एवढ्या मोठ्या भिंतींपुढे ती एवढीशी, बोटभर. चेहरा ओळखू येत नाही. बस, एवढाच फोटो.

ती मुलगी काढून टाका, उरतील नुसत्या भिंती. ती आहे म्हणून ती वस्ती जिवंत वाटते. कार्तिए-ब्रेसाँ यांची पद्धतच अशी होती की चांगली जागा दिसली की छोटा कॅमेरा घेऊन तिथं थांबायचं आणि नेमका क्षण आला की कळ दाबायची.

रंग नसले की काय होतं?

तेव्हाचा फोटो फिल्मवर निघायचा. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा बारीक थर असतो. उजेड जिथं पडतो, तिथले कण रसायनात बुडवल्यावर काळ्या चांदीचे होतात. म्हणून फिल्मवर सगळं उलटं येतं, पांढरी भिंत काळी आणि काळं लुगडं पांढरं. ती निगेटिव्ह. तिच्यातून पुन्हा कागदावर उजेड पाडला की चित्र सुलटं होतं. तुमच्या सासूबाईंच्या लग्नाचा जुना फोटो घरात असेल, तर तोही बहुधा असाच चांदीचा आहे.

रंग निघून गेले की उरतो फक्त उजेड आणि अंधार. मग आपलं लक्ष वेगळीकडे जातं. भिंतीचा खडबडीतपणा, हातावरच्या शिरा, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या ठळक होतात. छायाचित्रकार आणखी एक युक्ती करायचे. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे पिवळी किंवा लाल काच लावायची. लाल काच निळा उजेड अडवते, म्हणून निळं आकाश फोटोत काळपट येतं आणि पांढरं घर त्यापुढे झळकतं. म्हणजे फोटो खोटा नसतो, पण जसंच्या तसंही नसतं. काढणाऱ्यानं काहीतरी निवडलेलं असतं. फोटो वाचताना पहिला प्रश्न म्हणून हाच विचारायचा : काढणाऱ्यानं मला काय बघायला लावलंय?

काम कुणाचं?

दुसरा प्रश्न : फोटोत जे सुंदर दिसतंय, त्यामागे काम कुणाचं आहे?

जगाला त्या पांढऱ्या भिंतींचं वेड आहे. पण चुना एका पावसाळ्यात उतरतो. दरवर्षी कुणीतरी तो कालवतं, कुंचला घेऊन भिंतीला देतं, पायऱ्यांच्या कडा रंगवतं. या बेटांवर हे काम बरंचसं बायकांनी केलंय. म्हणजे ज्या उजेडामुळे तो फोटो उठून दिसतो, त्यात कुणातरी बाईचे हात आहेत. फोटोत ती नाही.

तसंच काळ्या कपड्यांचं. ग्रीक बेटांच्या जुन्या फोटोंत पांढऱ्या भिंतीशी काळ्या कपड्यांतली म्हातारी बाई हमखास दिसते. पांढऱ्यावर काळं, बघायला छान. पण तिथल्या रूढीप्रमाणे नवरा गेलेली बाई काळे कपडे घालायची, पुष्कळदा जन्मभर. बाहेरून आलेल्याला जी शोभा वाटली, ती तिच्या अंगावरचं सुतक होतं. विधवेच्या वाट्याला आलेले नियम आपल्याला काही नवे नाहीत, म्हणून आपल्याला तो फोटो वेगळा दिसेल. बघणाऱ्याला जेवढं ठाऊक, तेवढंच त्याला फोटोत सापडतं.

फोटोत सातबारा दिसत नाही

आता दुसऱ्या बेटावर चला. कार्पाथोस. तिथं डोंगराच्या धारेवर ऑलिंपोस नावाचं गाव आहे. बरीच वर्षं इतर गावांपासून तुटलेलं, म्हणून जुना पेहराव आणि घराबाहेरच्या भट्टीत भाकरी-पाव भाजायची चाल तिथं टिकली. कॉन्स्टंटाइन मॅनोस या छायाचित्रकारानं १९६० नंतरच्या काळात ग्रीसमधल्या अशा गावांत फिरून कृष्णधवल फोटो काढले. त्यांचे आईवडील अमेरिकेत स्थायिक झालेले ग्रीक. ग्रीसच्या या फोटोंचं पुस्तक १९७२ साली निघालं.

अशा फोटोंत कष्टकरी बायका दिसल्या की आपण लगेच म्हणतो, बिचाऱ्या. पण कार्पाथोसची एक गोष्ट फोटोत दिसत नाही. तिथं आईची मालमत्ता थोरल्या मुलीला आणि बापाची थोरल्या मुलाला, अशी वारसाची जुनी रीत होती. म्हणजे फोटोतल्या एखाद्या बाईचं घर तिच्या स्वतःच्या मालकीचं असू शकतं. एजियन समुद्रातल्या इतरही अनेक बेटांवर लग्नात मुलीला घर देण्याची पद्धत होती. या रीतीची दुसरी बाजूही आहे. थोरलीला मिळालं की धाकट्या बहिणींच्या हाती फारसं काही उरत नसे. म्हणजे एकाच फोटोत दोन बहिणी शेजारी उभ्या असतील, दोघींचा पेहराव सारखा, आणि एक घराची मालकीण, तर दुसरी तिच्या आधारानं राहणारी. फोटोत सातबारा दिसत नाही, मैत्रिणींनो. तो विचारावा लागतो.

कॅमेरा बाईच्या हातात

या बेटांचे फोटो फक्त परदेशी पुरुषांनी काढले असं समजू नका. वूला पापायोआन्नू ही ग्रीक बाई १८९८ साली जन्मली. सुरुवातीला ती निसर्गाचे आणि जुन्या देवळांचे फोटो काढायची. मग दुसरं महायुद्ध आलं. १९४१-४२ च्या हिवाळ्यात, जर्मन ताब्यात असलेल्या अथेन्स शहरात भयंकर दुष्काळ पडला. माणसं रस्त्यावर मरत होती. तिनं हाडांचा सापळा झालेल्या मुलांचे फोटो काढले, म्हणून तो दुष्काळ कुणाला नाकारता येत नाही. युद्धानंतर ती खेड्यापाड्यांत, बेटांवर फिरली. १९५६ साली ग्रीक बेटांवरचं तिचं पुस्तक परदेशात छापलं गेलं. तिच्या फोटोंतली माणसं गरीब आहेत, पण दीनवाणी नाहीत, मान ताठ ठेवून उभी आहेत. तिचा संग्रह आज अथेन्सच्या बेनाकी संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.

नाव कुणाचं?

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा. सिफ्नोसच्या त्या फोटोच्या प्रती आज संग्रहालयांत आहेत, लिलावात लाखो रुपयांना विकल्या जातात. त्याखाली काढणाऱ्याचं नाव असतं, जागेचं नाव असतं, साल असतं. पळणाऱ्या मुलीचं नाव नसतं.

हे आपल्याला परकं नाही. आमच्या भागातल्या एका गटाचा पापड लाटतानाचा फोटो एका कार्यालयाच्या दिनदर्शिकेवर छापून आला. खाली काय लिहिलं होतं? 'ग्रामीण महिला'. सात जणी होत्या. सातही जणींनी दिनदर्शिका घरी लावली, आनंदही झाला. पण त्यांतल्या एक मावशी म्हणाल्या, "माझ्या नातीला कसं कळणार, यातली आजी कुठली?" मावशींचा प्रश्न सिफ्नोसच्या त्या मुलीलाही लागू पडतो.

म्हणून गटात चार गोष्टी ठरवू या. एक, फोटो काढण्याआधी विचारायचं, आणि आपला कुणी काढत असेल तर तो कशासाठी, कुठं छापणार, हे विचारायचं. नको असेल तर नको म्हणायचं, त्यात उद्धटपणा नाही. दोन, छापायला फोटो देताना खाली प्रत्येकीचं पूर्ण नाव, गावाचं नाव आणि तारीख द्यायची. घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे शिसपेन्सिलीनं हलक्या हातानं नावं लिहायची, ओळखणारी माणसं आहेत तोवरच. तीन, फक्त धनादेश घेतानाचा फोटो नको. काम करतानाचा, हिशेब लिहितानाचाही काढायचा. चार, गटातल्या एकीनं तरी फोटो काढायला शिकायचं.

शिकायला महाग कॅमेरा लागत नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यात कृष्णधवल फोटोची सोय बहुधा असते, ती लावून महिनाभर सराव करा. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर, उजेड बाजूनं येत असताना काढा. डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. पांढऱ्या भिंतीपुढे माणूस काळवंडला, तर पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा आणि उजेड थोडा वाढवा. पापड, कुरडया पांढऱ्या कागदावर ठेवून काढण्यापेक्षा काळ्या घोंगडीवर मांडा, आकार आणि पापुद्रे उठून दिसतील. सिफ्नोसच्या फोटोतही तेच आहे, काळ्याशेजारी पांढरं.

येत्या बैठकीत प्रत्येकीनं घरातला एक जुना फोटो आणा. तीन प्रश्न विचारा : काढणाऱ्यानं काय दाखवलंय? यात काम कुणाचं आहे? नाव कुणाचं राहिलंय आणि कुणाचं गळलंय? जे नाव गळलं असेल, ते तिथंच बसून लिहून टाका.