चौदाव्या दिवसाचा गैरसमज

मूल हवं असो की नको असो, आपल्याकडे जोडप्यांना मिळणारा सल्ला बहुतेक वेळा एकाच आकड्यापाशी येऊन थांबतो: पाळी सुरू झाल्यापासून १४ वा दिवस. हा आकडा खोटा नाही, पण तो दर २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीपुरता आहे, आणि तिच्याही बाबतीत तो दर महिन्याला खरा ठरेल याची खात्री नाही. जपानचे डॉ. क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस यांनी पुढच्या काही वर्षांत स्वतंत्रपणे जे मांडलं, ते मोजायचं होतं उलट्या दिशेने. स्त्रीबीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. चक्राचा हा उत्तरार्ध बऱ्यापैकी ठरलेला असतो. आजारपणाने, ताणाने किंवा काहीच कारण नसताना लांबतो तो पूर्वार्ध. म्हणून ३५ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं बीज २१ व्या दिवसाच्या आसपास सुटतं. तिने १४ व्या दिवसावर भिस्त ठेवली, तर मूल हवं असताना महिनेच्या महिने वाया जातात आणि नको असताना नेमक्या जोखमीच्या दिवसांत ती निर्धास्त राहते. शिवाय पुढची पाळी कधी येणार हे आधी कोणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे कॅलेंडर मागच्या महिन्यांवरून फक्त अंदाज बांधू शकतं. आज मोबाइलमधली बरीच अॅप्स करतात तेही एवढंच.

या मोजणीचा अनुभव आपल्या देशाने फार लवकर घेतला. १९५१-५२ मध्ये भारत सरकारच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने डॉ. अब्राहम स्टोन यांना पाठवलं. म्हैसूरकडच्या रामनगरम् आणि दिल्लीच्या लोदी कॉलनीत त्यांच्या मार्गदर्शनाखाली सुरक्षित दिवसांच्या पद्धतीचे प्रयोग झाले. दिवस लक्षात राहावेत म्हणून बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. प्रयोगाला फारसं यश आलं नाही आणि नैसर्गिक पद्धतीवर कुचकामी असल्याचा शिक्का बसला. मला तो शिक्का अर्धाच रास्त वाटतो. फसली ती मोजणी. शरीर स्वतःहून जे सांगतं, ते त्या माळेत कुठेच नव्हतं.

शरीर काय सांगतं ते पाहण्याआधी ते किती दिवसांबद्दल सांगतं हे पाहू. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात अॅलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भधारणेची इच्छा असलेल्या २२१ स्त्रियांच्या लघवीतील संप्रेरकं रोजच्या रोज तपासली. १९९५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, गर्भ राहतो तो फक्त सहा दिवसांत: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतं, स्त्रीबीज जेमतेम एक दिवस, म्हणून हा हिशेब. २००० साली याच स्त्रियांच्या नोंदी पुन्हा पाहिल्या, तेव्हा पाठ्यपुस्तकातल्या १० ते १७ या दिवसांत सहाच्या सहा दिवस बसणाऱ्या स्त्रिया सुमारे ३० टक्केच निघाल्या.

हे सहा दिवस ओळखण्याची सगळ्यात जवळची खूण म्हणजे गर्भाशयाच्या मुखाशी तयार होणारा स्राव. पाळी संपल्यावर काही दिवस कोरडेपणा असतो. मग थोडा चिकट, दाटसर, पांढुरका स्राव दिसू लागतो. बीज सुटायची वेळ जवळ आली, की तो पातळ, पारदर्शक आणि बुळबुळीत होतो. कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखा, दोन बोटांत धरून ताणला तर तार धरणारा. असा स्राव दिसलेला शेवटचा दिवस हा कळसाचा दिवस. दुसऱ्या दिवशी स्राव आटला किंवा पुन्हा दाट झाला, की मगच तो कळस होता हे कळतं, आणि त्यापुढचे तीन दिवसही जोखमीचे धरायचे असतात. दुसरी खूण तापमानाची. बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉनमुळे अंगाचं तापमान साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं आणि पाळीपर्यंत तिथेच राहतं. ते सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मोजावं लागतं. पहाटे पाण्याच्या पाळीसाठी उठणाऱ्या किंवा तान्ह्या मुलासाठी रात्रभर जागणाऱ्या बाईला हे जमणं कठीण आहे. स्रावाची खूण मात्र कोणालाही परवडते.

आणि नेमकी हीच खूण आपल्याकडे आजार समजली जाते. ‘अंगावरून पांढरं जातं’ ही तक्रार घेऊन कितीतरी बायका दवाखान्यात येतात. त्यातल्या काहींना खरोखर जंतुसंसर्ग असतो: खाज, आग, दुर्गंधी, हिरवट-पिवळा रंग किंवा दह्यासारख्या गुठळ्या असतील, तर उपचार हवेतच. पण दर महिन्याला ठरावीक दिवस येऊन जाणारा, वास आणि खाज नसलेला स्वच्छ स्राव हे प्रकृती ठीक असल्याचं लक्षण आहे. त्यामुळे अशक्तपणा येतो, हाडं झिजतात, ही भीती निराधार आहे. तिच्यापायी बायका वर्षानुवर्षं मनात झुरतात, नको ती औषधं घेतात, आणि ज्या खुणेवर त्यांनी विसंबायचं तिचीच लाज बाळगतात. याची मला खरी चीड येते.

अडाणी बायकांना हे कसं जमणार, हा पहिला आक्षेप. मेलबर्नच्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने विकसित केलेल्या या पद्धतीची जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत चाचणी घेतली. त्यात आपलं बंगळूर होतं, तसं एल साल्वाडोरमधलं सान मिगेलही होतं, जिथल्या बऱ्याच बायका निरक्षर होत्या. भाग घेतलेल्या ८६९ पैकी ९३ टक्के स्त्रियांना पहिल्याच चक्रात आपल्या खुणा ओळखता आल्या. दुसरा आक्षेप असा, की बिलिंग्ज कॅथलिक होते, म्हणजे हा धर्मप्रचार. पण स्रावाला धर्म नसतो, आणि ओगिनोंचा मूळ उद्देशच मूल हवं असणाऱ्यांना मदत करण्याचा होता.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. त्याच चाचणीत वर्षभरात १०० मागे सुमारे २२ स्त्रियांना गर्भ राहिला. नियम नीट पाळूनही राहिला असं प्रमाण तीनच्या आसपास होतं. उरलेल्यांतल्या बहुतेक ठिकाणी जोडप्याला दिवस जोखमीचा आहे हे कळलेलं होतं, थांबणं झालं नाही. पुढे जर्मनीत ९०० स्त्रियांनी स्राव आणि तापमान या दोन्ही खुणा मिळून वापरल्या. त्या अभ्यासाच्या २००७ मधल्या अहवालात हेच एकूण प्रमाण दोनच्याही खाली आलं. पण त्या नीट शिकवलेल्या होत्या आणि जोडीदार त्यांच्याबरोबर होते. म्हणून गर्भ राहणं जिवावर बेतू शकेल अशा स्त्रीने, नुकतंच बाळंतपण झालेलीने किंवा पीसीओएसमुळे चक्र बिघडलेलीने केवळ या खुणांवर विसंबू नये. आणि लैंगिक आजारांपासून तर यात कसलंच संरक्षण नाही. निरोध आणि तांबी आपल्या जागी राहायलाच हव्यात. पण हे ज्ञान मुलींना मिळायला हवं ते गर्भनिरोधनाच्या आधी, पाळीच्या पहिल्या धड्यातच, आणि त्या तासाला मुलांना वर्गाबाहेर पाठवणं थांबायला हवं. कारण पुढे जोखमीच्या दिवसांत थांबायचं की नाही, हे बहुतेक घरांत त्यांच्याच मर्जीने ठरतं.